सुट्टी नेव्ही देते, खातं कोण?

मागच्या अंकात ओडिशातल्या चिल्काच्या नेव्ही ट्रेनिंगवर दोन पानं लिहिली आणि एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, कागदावर कमी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जास्त, त्यातली निम्म्याहून अधिक सातारा-सांगलीचीच. साहजिक आहे म्हणा. आपल्याकडं फौज म्हटलं की आर्मी. अपशिंगे मिलिटरी हे गाव आपल्याच सातारा जिल्ह्यातलं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं गेली. घरोघरी आजा, चुलता, मामा कुणी ना कुणी फौजी असतो पण जहाजावरचा माणूस सहसा नसतो, त्यामुळं पोरगं नेव्हीत गेलं की घरच्यांना अंदाजच लागत नाही, हे येणार कधी, बोलणार कधी, बोलवायचं कधी. (सातारच्या गादीचे सरखेल म्हणजे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे होते हे आपण विसरलो, नेव्ही नाही विसरली, मुंबईत आयएनएस आंग्रे नावाचं नेव्हीचं ठाणं आहे.) यावेळी सगळे प्रश्न याच एका विषयावरचे घेतलेत. नावं काढून टाकलीत, तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न : काका नमस्कार. आमचा धाकटा अग्निवीर म्हणून नेव्हीत लागला, आता ओडिशाला चिल्काला आहे. रविवारी फोन येतो तोपण थोडाच वेळ, त्यातलं निम्मं हॅलो हॅलो मधेच जातं. त्याचे आजोबा दवाखान्यात होते, आता घरी आणलंय पण तब्येत खालीवर चालूच आहे. आम्ही त्याला काही सांगितलं नाही. तो विचारतो आजोबा कुठायत, आम्ही सांगतो रानात गेलेत, आता दर रविवारी रानात गेलेत असं किती दिवस सांगायचं. थोरले दीर म्हणतात सांगू नका पोरगं पळून येईल, आमचे हे म्हणतात चार दिवस बोलवून घेऊ. मला तर काय करावं समजंना झालंय.
— एक आई, ता. खटाव

वहिनी, आधी दिरांच्या भीतीचं सांगतो. पोरं पळून येतात ती खरं कळल्यामुळं नाही, अर्धवट कळल्यामुळं. तुम्ही इकडं रानात गेलेत म्हणताय आणि तिकडं कुठला तरी चुलतभाऊ दवाखान्यातला फोटो स्टेटसला टाकतो, लवकर बरे व्हा आजोबा म्हणून, वर हात जोडलेले. ज्या रविवारी पोराच्या हातात फोन येतो त्या रविवारी ते त्याला दिसणारच. मग तिथून पुढं तुम्ही सगळं बरं आहे म्हणालात तरी त्याचा विश्वास बसत नाही, आठवडाभर डोक्यात तेच, परेडला पाय चुकतो, पोहायच्या टेस्टला लक्ष नसतं, आणि ते कुणाला सांगताही येत नाही कारण घरचे तर म्हणतायत सगळं बरं आहे.

तेव्हा सांगा. पण सांगायची एक रीत आहे. आधी शेवट सांगायचा, मग सुरुवात. म्हणजे पहिलं वाक्य आजोबा घरी आलेत, मग काय झालेलं, कुठल्या दवाखान्यात होते, रात्री त्यांच्याजवळ कोण झोपतं, गोळ्या कोण देतं. आणि लगेच फोन आजोबांच्या हातात द्यायचा. त्यांना दोन शब्द बोलता आले तरी पुरे आहेत, म्हाताऱ्या माणसाचा आवाज ऐकला की पोराची निम्मी काळजी मिटते. तुम्हाला रडू येणार असेल तर त्या दिवशी फोन मालकांकडं द्या, यात वाईट वाटून घेऊ नका.

आता बोलवून घ्यायचं म्हणाल तर आत्ता नको. बेसिक ट्रेनिंग साधारण १६ आठवड्यांचं असतं, त्यात सुट्टी अशी मागून मिळत नाही, अगदी तसाच बाका प्रसंग आला तर सोडतात. आणि जास्त दिवस बुडले तर पोरगं पुढच्या बॅचबरोबर जातं, रेलिगेट झाला म्हणतात, म्हणजे बरोबरची पोरं पास होऊन निघून जातात आणि हा तिथंच. शिवाय चिल्काहून खटाव म्हणजे काही पुसेगावहून येणं नाही, रेल्वेनं पुण्यापर्यंतच दीड दिवस धरा, पुढं एसटी. चार दिवस म्हणताय ते रस्त्यातच संपतील.

पण उद्या खरंच वेळ आली तर काय, त्याची तयारी मात्र आत्ताच करून ठेवा. पोराला सांगून त्याच्या डिव्हिजनल ऑफिसरचा नाहीतर तिथल्या ऑफिसचा नंबर लिहून घ्या आणि मोबाईलमधे नको, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, म्हणजे घरातल्या कुणालाही सापडेल. पोराचा सर्व्हिस नंबर त्याच्या शेजारीच. नेव्हीत प्रत्येक पोराच्या मागं एक डिव्हिजनल ऑफिसर असतो, त्याच्या सुखदुःखाचं बघणं हे त्या ऑफिसरचं कामच असतं, तेव्हा फोन करायला भ्यायचं नाही. दवाखान्याचे कागद, डॉक्टरचं सर्टिफिकेट एका पिशवीत. काही अडलं तर साताऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, ते फक्त पेन्शनवाल्यांचं ऑफिस आहे असं लोकांना वाटतं, तसं नाही, नोकरीत असलेल्यांच्या घरच्यांचं पण तिथं ऐकून घेतात. पूर्वी तार यायची, तार सेवा २०१३ ला बंद झाली, पण पद्धत तीच आहे, बातमी आली की शहानिशा होते आणि मग सोडायचं की नाही ते वरचे ठरवतात. म्हणून एक गोष्ट कधीच करू नका, मालकांना पण सांगा, खोटं आजारपण कळवून पोराला बोलवायचं नाही. एकदा खोटं निघालं की पुढच्या खऱ्या वेळेला त्याच्याकडं संशयानं बघतात, भोगावं लागतं पोराला.

प्रश्न : सर मी वाळवा तालुक्यातला. सध्या लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नेव्हीच्या केंद्रात ट्रेनिंग चालू आहे. घरच्यांना वाटतं लोणावळा म्हणजे पुण्याच्या पलीकडंच, मग दर रविवारी यायला काय होतंय. दोनतीनदा येऊन गेलो, रात्री उशिरा पोचायचं, सकाळी जेवून परत निघायचं, सोमवारी क्लासमधे डोळे उघडत नाहीत. नाही आलो की आई म्हणते तुला आता घर नकोसं झालं.

दोस्ता, घरच्यांनी नकाशात लोणावळा बघितलाय, रविवारी संध्याकाळचा खंबाटकी घाट नाही बघितला. महाबळेश्वरवरून परतणारी सगळी मुंबई-पुण्याची गर्दी त्याच वेळी त्याच रस्त्याला, वर पुण्यात शिरलास की कात्रजपासून पुढं रांगच. वाळव्याकडून लोणावळा अडीचशे किलोमीटरच्या वर पडतं, जाऊन येऊन पाचशेच्या वर, तेपण एका लिबर्टीत, म्हणजे बाहेर जायला सोडतात तेवढ्या वेळात. लिबर्टीची वेळ चुकली तर खंबाटकीत अडकलो हे कारण तिथं चालत नाही, मी स्वतः नेव्हीतून पेटी ऑफिसर म्हणून रिटायर झालोय, गेटवर असली कारणं ऐकून ऐकून माझे कान किटलेत. आणि एक, स्टेशन म्हणजे आपलं ठाणं सोडून बाहेरगावी जायचं तर आधी परवानगी घ्यायची असते, मित्रानं सांगितलं चालतंय म्हणून निघायचं नाही.

दर रविवार बंद कर. त्याऐवजी जोडून सुट्टी आली तर तेव्हा ये, आणि नक्की जमत असेल तरच आधी सांग, बघतो येतो का असं म्हणायचंच नाही. कारण बघतो म्हणालास की इकडं आई कोंबडं कापायची तयारी करते. एखाद्या रविवारी उलटं करा, आईवडलांनाच पुण्यात बोलव, बहिणीची खोली, मावशीचं घर काहीतरी असेलच, डबा घेऊन येतील, दुपार सगळी बरोबर बसा आणि तू लोकलनं लोणावळ्याला परत. तुझ्या आईला घर नकोसं झालंय असं खरंच वाटत नाही, तिला फक्त तू जेवताना दिसायला पाहिजे.

प्रश्न : काका, मी अग्निवीर, पहिली मोठी सुट्टी संपवून आत्ता परत जहाजावर चाललोय, रेल्वेतून लिहितोय. गाव कराड तालुक्यात. एवढ्या दिवसात आईजवळ निवांत असा बसलोच नाही. आल्या दिवशी गावात मिरवणूक, मग शाळेत सत्कार, मग पालीला खंडोबा, मांढरदेवीला, जोतिबाला, मामाकडं, आत्याकडं, दोन लग्नं, एक जावळ. वडलांना रानात पाइपलाइनचं काम होतं ते तसंच राहिलं. सुट्टीवरून जास्त दमून चाललोय. हे असंच असतं का?

असंच असतं, आणि माझं कित्येक वर्षांचं मत आहे की सुट्टी नेव्ही खात नाही, सुट्टी आपली भावकी खाते. अग्निवीराला वर्षाला ३० दिवस सुट्टी, आजारपणाची डॉक्टर सांगेल तशी वेगळी. बारा महिन्यांत ३० दिवस. तेपण एकदम मिळतीलच असं नाही, जहाजाचा कार्यक्रम बघून तुकड्या-तुकड्यानं मिळणार, त्यातले येण्याजाण्याचे दिवस वजा करा. आणि या उरलेल्या दिवसांवर अख्खं गाव हक्क सांगतं.

तो फ्लेक्स मी इथं बसून सांगतो कसा होता ते. तुझा युनिफॉर्ममधला फोटो मधे, वर मोठ्या अक्षरात गावचा अभिमान, आणि खाली शुभेच्छुक म्हणून चौकोनात डझनभर तोंडं, त्यातल्या निम्म्यांनी तुला भरतीच्या आधी पहाटे पळताना बघून हसलेलं असणार. दोन दिवसांनी तोच फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर ऊन लागू नये म्हणून टाकलेला. मला सत्काराचा राग नाही, पोरानं कमावलंय तर गावानं शाल द्यावी, पण एकदा द्यावी, सगळ्यांनी मिळून द्यावी, एका संध्याकाळी. तालीम वेगळी, सोसायटी वेगळी, मंडळ वेगळं, पक्ष वेगळा असं करत पोराला चार दिवस फिरवायचं याला कौतुक नाही म्हणत.

आणि यात वडीलधाऱ्यांचीच चूक असते असं नाही बरं का, पोरांनाही ते हवं असतं, पहिल्या सुट्टीत तर फारच, बुलेटवरनं गावात फेरी मारायची असते, मित्रांना महाबळेश्वरला न्यायचं असतं, पगार झालेला असतो. मारा की, वय आहे. पण पुढच्या वेळी निघायच्या आधीच फोनवर आईवडलांबरोबर बसून ठरव. पहिले दोन दिवस घर सोडायचं नाही, कुणी आलं तर चहा घेऊन जाईल. देवाचं एक ठिकाण, आईला विचार कुठलं, ती सांगेल ते, बाकीचे देव समजून घेतात. मामा-आत्यांना एक दिवस आपल्याच घरी जेवायला बोलवायचं म्हणजे पाच ठिकाणी पाच चहा आणि पाच टोप्या वाचतात. लग्नाला वडील जातील. आणि एक काम वडलांच्या हाताखाली करायचं, पाइपलाइन असो नाहीतर उसाला पाणी. वडील माणूस असाही फोनवर बोलत नाही, घरात बोलत नाही, चर खणताना दोन शब्द बोलतो. माझा अनुभव आहे, रिटायरमेंटचं काय करायचं, जमिनीचं काय करायचं असले विषय बांधावरच निघतात.

येणं कमीच होणार हे दोन्हीकडून एकदा मान्य करून टाका. भांडण होतं ते कमी येण्यावरून नाही होत, आलेल्या दिवसांचं काय केलं यावरून होतं.

प्रश्न : भाचा नेव्हीत अग्निवीर आहे, दुसरं वर्ष चालू. चांगलं स्थळ आलंय, मुलीकडचे थांबायला तयार नाहीत. पुढच्या सुट्टीत घरातल्या घरात उरकून घ्यावं आणि वाजतगाजत नंतर करावं असा विचार आहे. काही अडचण?
— मामा, ता. जत

अडचण? मामा, नोकरी जाईल पोराची. भरती होतानाच अविवाहित असल्याचं लिहून घेतात आणि अग्निवीराच्या नोकरीच्या चार वर्षांत लग्न करता येत नाही, केलं तर काढून टाकतात, हे जाहिरातीतच स्पष्ट छापलेलं असतं. घरातल्या घरात म्हणजे काय, जतमधे घरातल्या घरात झालेलं लग्न आटपाडीत दुसऱ्या दिवशी माहीत असतं. साखरपुडा म्हणजे लग्न नाही हे खरं, पण आपल्याकडं साखरपुड्याच्या मांडवात भटजी हजर, मुलगी समोर, चला आत्ताच अक्षता टाकून घेऊ म्हणायची फॅशन आलीये, म्हणून मी तर सांगेन सुपारी फोडायची असेल तर तोही विषय पोराला विचारून आणि त्याच्या ऑफिसला धरून करा. मुलीकडच्यांना हिशोब पण खरा सांगा. पहिल्या वर्षी महिना ३०,००० त्यातले हातात २१,०००, बाकीचे ९,००० सेवा निधीत, चौथ्या वर्षी पगार ४०,००० पर्यंत जातो, चार वर्षांनी निधीचे व्याज धरून साधारण ११ लाख ७१ हजार मिळतील असं योजना आली तेव्हा सरकारनं सांगितलेलं. आणि कायम होणार बॅचमधले २५ टक्क्यांपर्यंत. एवढं ऐकून जे थांबतील ते पाहुणे चांगले. जे थांबणार नाहीत त्यांना चहा पाजून रामराम करा.

प्रश्न : मुलगा साताऱ्याच्या सैनिक स्कूलमधून एनडीएला गेला, आता केरळात एळिमलाला आहे. तीन वर्षं पुण्यात असूनही गणपतीला नाही आला, दिवाळीला नाही आला. आता तर अजून लांब. मुद्दाम टाळतो का हो?
— आई, सांगली

नाही हो ताई, टाळत नाही, टर्मच तशी असते. एनडीएला सहा टर्म, तीन वर्षं, मग नेव्हीच्या कॅडेटना एक वर्ष एळिमलाच्या नेव्हल अकॅडमीत. एक टर्म जानेवारी ते मे, दुसरी जुलै ते नोव्हेंबर, पासिंग आउट मेच्या आणि नोव्हेंबरच्या शेवटाला. आता तुम्हीच बघा, गणपती आणि दिवाळी दोन्ही दुसऱ्या टर्मच्या बरोबर पोटात येतात. मोठी सुट्टी जून आणि डिसेंबरची. मग फराळ डिसेंबरात करा की, चकली काय कॅलेंडर बघत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरात दर डिसेंबरला आकाशकंदील लागतो, गल्लीतल्या लोकांनी पहिल्या वर्षी नाताळ करताय का विचारलं, आता कुणी विचारत नाही. जूनमधे आला तर लोणंद-फलटणला पालखी बघायला न्यायचं का ते तारखा बघून ठरवा, सुट्टी आणि माउली दरवेळी जुळतीलच असं नाही.

प्रश्न : मी मिरजेची, नेव्हीत अग्निवीर आहे. घरी आले की चिडचिड होते. सगळे सातला उठतात, मी पाचला उठून बसते, कुणी चप्पल वाकडी काढली तरी ओरडते. आई म्हणते तू पाहुणीसारखी वागतेस. शेजारच्या काकू येऊन फक्त एवढंच विचारतात, केस परत वाढवणार ना? परत जाताना वाईट पण वाटतं आणि सुटल्यासारखं पण वाटतं, हे चुकीचं आहे का?

चुकीचं काही नाही पोरी. चिल्कात २८ मार्च २०२३ ला अग्निवीरांची पहिली बॅच बाहेर पडली त्यात २७० च्या वर मुली होत्या, एनडीएच्या मुलींची पहिली बॅच २०२५ च्या मे मधे, १७ जणी. म्हणजे तुझ्या आईला विचारायला मिरजेत दुसरी कुणी अशी मुलीची आई अजून फारशी नाही, तीपण नवीनच आहे या सगळ्याला. तिथं घंटेवर उठायचं, मस्टर म्हणजे हजेरी, पीटी, आठला कलर्स म्हणजे झेंडा चढवणं, बूट एका रेषेत, हे अंगात भिनतं आणि भिनलंच पाहिजे, पण घरात कुणी तुझ्या डिव्हिजनमधे नाही. पाचला उठतेस ना, मग उठ आणि कृष्णाघाटाकडं पळून ये, सातपर्यंत चप्पल बघायलाच तू घरात नको. आईला मदत करायला स्वैपाकघरात शिरताना एक पथ्य पाळ, डबे नीट लावून द्यायचे नाहीत. तिच्या डब्यांची जागा तिनं लावलेली असते.

सुटल्यासारखं वाटतं ते सगळ्यांनाच वाटतं, बोलत कुणी नाही. दोन घरं झाली की प्रत्येक निघण्यात थोडं थोडं तसं होतंच. पण आईला पाहुणी वाटतेस त्याचं कारण मला वेगळं दिसतं, तू तिकडचं काही सांगत नसणार. बंकवर शेजारी कोण, जेवायला काय असतं, पहिल्यांदा समुद्र लागला तेव्हा किती उलट्या झाल्या, हे सांग तिला. पोरं असलं सांगतात तेव्हा कौतुकानं ऐकतात, मुली मात्र आई घाबरेल म्हणून गप्प राहतात. काकूंना म्हणावं केस वाढले की तुम्हालाच पहिला फोन करते.

प्रश्न : पुतण्याची चिल्काला पासिंग आउट परेड आहे. आम्ही घरचे, चुलत, मेव्हणे मिळून सोळा-सतरा जण आहोत, टेम्पो ट्रॅव्हलर करून जायचा बेत आहे. जाताना पेढे आणि भडंग नेलं तर चालेल का?
— काका, ता. कोरेगाव

पेढे न्या, भडंग पण न्या, पोराच्या मित्रांना पुरेल एवढं न्या. माणसं मात्र कमी न्या. निमंत्रण पोराच्या नावावर येतं, आत कुणाला सोडायचं त्यांची नावं आधी द्यावी लागतात, आधार कार्ड बघून सोडतात, तिथं गेटवर मी मेव्हणा आहे म्हणून चालत नाही. आईवडील आणि आजी-आजोबांपैकी ज्यांना झेपेल ते, एवढं बास. रस्ता दीड हजार किलोमीटरच्या आसपास आहे, सोलापूर, हैदराबाद, विशाखापट्टणम करत, सतरा माणसं घेऊन ट्रॅव्हलरनं गेलात तर परेडला निम्मी झोपलेली असतील. पुण्याहून कोणार्क एक्स्प्रेस आहे भुवनेश्वरची, तिचं रिझर्वेशन तारीख कळल्या कळल्या करा. आणि परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका, २०२३ ची पहिली परेड सूर्यास्तानंतर झालेली, तेव्हा वेळ नक्की कळेपर्यंत थांबा. पोरगं तुमच्याबरोबरच घरी येणार का पुढच्या ट्रेनिंगला जाणार हेपण त्यालाच विचारा, गावात मिरवणुकीचा डीजे त्याच्या आधी ठरवू नका. ट्रॅव्हलरवाल्याला अ‍ॅडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका, दिला असेल तर तीच गाडी पुढं कधीतरी पंढरपूरला वापरा, सतराच्या सतरा जण बसतील.